कातळातलं सुतारकाम

मळवलीच्या फलाटावर उतरा आणि कुठंही जायची घाई न करता नुसते दोन्हीकडं बघत उभे राहा. उत्तरेला हमरस्त्यापलीकडचा डोंगर, त्याच्या कमरेवर कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आईचं देऊळ. दक्षिणेला भाज्याचा डोंगर, आणि त्याच्या पाठीशी लोहगड आणि विसापूर, जुन्या सोबत्यांनी शेजारी बसावं तसे. आता एक करा. डोंगरांच्या माथ्यांकडं बघू नका, त्यांच्या अंगाकडं बघा. आधी उभा काळा कडा, मग थोडा उतार, त्यावर गवत आणि झाडी. परत कडा, परत उतार. एका डोंगरावरची अशी एखादी रेघ डोळ्यांनी पकडून आडवी पुढं नेत चला, आणि मधली भातखाचरं, रेल्वेचे रूळ, मोटारींची रांग असं सगळं ओलांडून गेलात की बरेचदा ती रेघ समोरच्या डोंगरावर तेवढ्याच उंचीला पुन्हा सापडते. मधली दरी नंतरची आहे, रेघ आधीची. ती कशी पडली आणि पुढं त्या रेघेवर माणसं कशी जाऊन बसली, त्याची गोष्ट आज सांगतो. गोष्ट लांबची आहे, तेव्हा ऐसपैस बसा. दिव्यात तेल पुरेसं आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी सह्याद्री नव्हता, इंद्रायणी नव्हती, पवना नव्हती. एवढंच काय, आपला हा मुलूख आज आहे त्या जागीसुद्धा नव्हता. तो विषुववृत्ताच्या खाली, हिंदी महासागरात, उत्तरेची वाट धरून सरकत निघालेला होता. त्या वाटेवर जमीन फाटली. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निमुळता डोंगर, त्यातून धूर आणि आगीचं कारंजं येतं. इथला प्रकार वेगळा. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला खडक वर आला, सखल जागा भरत भरत पसरला, आणि थंड होऊन थांबला. मग कित्येक शतकं काही नाही. त्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, दगडाची माती झाली, झाडं उगवली, जनावरं चरली. आणि सगळं स्थिरस्थावर झालं असं वाटेपर्यंत पुन्हा भेग उघडली आणि नवा लोट त्या मातीवरून, त्या झाडांवरून गेला. आमच्या आजीच्या चुलीशेजारी पंगतीच्या दिवशी भाकऱ्यांची चवड लागायची. खालची निवत आली तरी वरून नवी पडतच असायची. डोंगरांची ही चवड तशीच रचली गेली, फक्त तिच्यातली एकेक भाकरी कुठं पाच-दहा मीटर जाड, तर कुठं पन्नास. आज महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगण मिळून सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर ती उरली आहे, आणि झिजून गेलेली किती होती ते वेगळंच. नवल असं की यातला बहुतेक सगळा दगड जेमतेम दहा लाख वर्षांत बाहेर पडला. पृथ्वीच्या वयात दहा लाख वर्षं म्हणजे काहीच नाही. त्याच सुमाराला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. त्यात त्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या या लाव्ह्याच्या वाफांचा किती, यावर जाणते लोक अजून हिरिरीनं भांडतात.

हे थर ओळखायला त्यांना नावं तर हवीत. मग भूशास्त्रज्ञांनी ज्या गावाजवळ एखादा थर नीट बघायला मिळाला त्या गावाचं नाव त्याला देऊन टाकलं. नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, महाबळेश्वर अशी आपली घरगुती नावं त्यामुळं जगभरच्या शोधनिबंधांत जाऊन बसली आहेत, आणि मधल्या एका सबंध उपगटाला तर लोणावळ्याचंच नाव आहे. दूर देशातला कुणी अभ्यासक लोणावळा असं लिहितो तेव्हा त्याच्या मनात चिक्की नसते, दगड असतो. या लोणावळा उपगटात खाली खंडाळ्याचा थरसमूह आणि वर बुशेचा. या बुशेच्या लाव्ह्यानं वर येताना वाटेतला जुना खडक इतका खाल्ला आहे की प्रयोगशाळेत त्याचा तुकडा तपासला की लगेच तो ओळखू येतो.

आता थराच्या पोटात शिरू. लाव्हा थांबला की त्यातली वाफ बुडबुड्यांनी वर चढते आणि वरच्या भागात अडकून राहते. म्हणून थराचा माथा सच्छिद्र, ठिसूळ, लवकर कुजणारा. मधला भाग सावकाश निवतो, तो काळा, घट्ट, पोलादासारखा. आणि दोन लोटांच्या मधल्या शांत काळात जी माती झाली होती, ती वरच्या नव्या लोटानं भाजून निघाली, तिची तांबडी पट्टी मधे राहिली. घाटातून जाताना कापलेल्या दरडीत ही गेरूच्या रंगाची पट्टी हमखास दिसते. ड्रायव्हरला सांगून ठेवा आणि तुम्ही खिडकीला बसा. आमच्या ओळखीत एक म्हातारे पाथरवट होते, जाती-पाटे घडवणारे. दगडाला टाकी लावायच्या आधी ते सुतकीनं एक हलका टोला द्यायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. खणखणीत वाजला तर काम सुरू. बद्द वाजला तर पोत्यावरून उठून पुढच्या दगडाकडं. घट्ट काळा कुठला आणि पोटात पोकळी असलेला कुठला, हे त्यांना कानानं कळायचं, आणि दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत ज्यांनी लेणी कोरली त्यांचंही ज्ञान याच जातीचं असणार असं मला नेहमी वाटत आलं आहे.

पोकळीवरून आठवलं, तेही सांगून टाकतो. त्या बुडबुड्यांच्या रिकाम्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. पुढं लाखो वर्षं दगडातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढत गेले. 1856 मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढवायचं काम सुरू झालं, 1863 मध्ये ती वाट खुली झाली, आणि मधल्या वर्षांत हजारो मजुरांनी पटकीला, दरडींना तोंड देत डोंगर फोडून बोगदे काढले. सुरुंगाचा धूर ओसरला की फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोटात अचानक काचेसारखे लखलखीत अपोफिलाइटचे ठोकळे दिसायचे, बाजूला मोतिया रंगाच्या स्टिल्बाइटच्या जुड्या. त्या काळी ते नमुने विलायतेतल्या संग्रहालयांत गेले, आणि आजही पुण्याभोवतीच्या खाणींतले असे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. स्टिल्बाइटच्या कुळातल्या या दगडांची एक मौज आहे. त्यांच्या अंगात पाणी असतं. तापवला तर दगड वाफ सोडतो, आणि काही जातींचे तर गार झाल्यावर हवेतला ओलावा पुन्हा पिऊन घेतात.

तर चवड रचून झाली. पुढचं काम पावसाचं. जमीन वर उचलली गेली, पश्चिमेकडची बाजू तुटून कोकण खाली राहिलं, आणि अरबी समुद्रावरून येणारा ढग या उभ्या भिंतीवर येऊन फुटायला लागला. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. तो ठिसूळ माथ्याचा दगड आणि तांबडी माती आधी खरवडून नेतो, तिथं उतार होतो. घट्ट काळा भाग टिकतो, त्याचा कडा होतो. खालचा आधार गेला की कड्याची धोंड सुटून सरळ खाली येते आणि कडा उभाच राहतो. कडा आणि उतार, कडा आणि उतार. मळवलीहून दिसणारी रेघ ती हीच. कुरवंड्याजवळ उगम पावून इंद्रायणी पूर्वेला निघाली, पवना तिच्या दक्षिणेनं निघाली, आणि आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी खोरी त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी उकरून काढली. पश्चिमेला उल्हास नदीनं तर राजमाचीच्या पायथ्याला अशी खोल घळ पाडली आहे की पावसाळ्यात ढग आपल्या पायाखालून वर येतात.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. एकदा त्यानं तिकडच्या नैर्ऋत्येच्या वाळवंटातले फोटो धाडले. ॲरिझोना आणि युटाच्या हद्दीवर, नवाहो लोकांच्या मुलखात मॉन्युमेंट व्हॅली म्हणून जागा आहे, तिथले. सपाट माथा, त्याखाली उभा कडा, त्याखाली पसरत गेलेला उतार. मी कितीतरी वेळ बघत राहिलो. तांबडा रंग काढून काळा भरला आणि वर हिरवळ घातली तर विसापूरच. पण जात पार निराळी. तो दगड आगीतून आलेला नाही, तो वाळूचा आणि गाळाचा, थरांनी साचून दाबला गेलेला. आणि तिथं वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा लोणावळ्यात आषाढातल्या एका चांगल्या झडीत पडून जातो. एकीकडं पाणी नाही म्हणून दगड उघडा, एकीकडं पाणी अतोनात म्हणून दगड हिरवा, आणि आकार मात्र दोन्हीकडं तोच, कारण कायदा एकच आहे: कठीण थर टिकतो, मऊ थर जातो.

माणसंही दोन्हीकडं त्या थरांतच जाऊन राहिली. तिकडं कोलोराडोत मेसा वर्दे नावाचं पठार आहे. तिथल्या वाळूच्या दगडातून पाणी झिरपत खाली उतरतं, आणि खाली चिखलापासून झालेला दगड लागला की त्याला पुढं वाट मिळत नाही. मग ते आडवं वळून कड्याच्या तोंडाशी पाझरतं, हिवाळ्यात तिथंच गोठतं, गोठताना फुगतं आणि दगडाची ढलपी उडवतं. असं हजारो वर्षं चाललं आणि कड्याच्या पोटात प्रचंड कपारी तयार झाल्या. त्या कपारींत प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगडाच्या विटा घडवून, मातीच्या गाऱ्यात बसवून घरांवर घरं रचली. क्लिफ पॅलेस नावाच्या एका वस्तीत सुमारे 150 खोल्या आहेत. ही बांधकामं मुख्यतः 1190 ते 1280 या काळातली, म्हणजे आपल्याकडं देवगिरीला यादव नांदत होते तेव्हाची. शतक संपता संपता लांबलेला दुष्काळ पडला, आणखीही कारणं झाली असतील, आणि ती माणसं घरं तशीच ठेवून दक्षिणेला निघून गेली.

आपला काळा दगड असल्या मोठ्या कपारी सहसा आयत्या देत नाही. इथं माणसाला दगडातलं घर हवं असेल तर ते स्वतः काढावं लागतं. आणि मावळातल्या लोकांनी ते काढलं, क्लिफ पॅलेसच्या हजार-चौदाशे वर्षं आधी.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. कल्याण, सोपारा या बंदरांवरून माल घेऊन बैल बोरघाट चढायचे आणि या खोऱ्यातून पुढं पैठणकडं, तेरकडं जायचे; त्या वाटेवर बौद्ध भिक्षूंना पावसाळा काढायला जागा हवी होती. मावळातला पाऊस ज्यानं अनुभवला आहे त्याला ही गरज समजावून सांगायला नको. त्यांनी डोंगर निरखला, दोन उतारांच्या मधला एकसंध काळा कडा निवडला, आणि त्यात शिरायला सुरुवात केली ती वरून. इथं जरा थांबून विचार करा. आपण घर बांधतो ते जोत्यापासून. ही मंडळी आधी छत करायची. कड्याचं तोंड तासून घ्यायचं, वरच्या बाजूनं आत भोक पाडायचं, छत पुरं घडवायचं, मग पायाखालचा दगड फोडत फोडत खाली यायचं; खांबाचा माथा आधी, मग खांबाचं अंग, आणि सगळ्यात शेवटी जमीन. त्यामुळं परांच्या बांधायला लागायच्या नाहीत, डोंगरच पायाखाली असायचा, आणि तो दिवसागणिक कमी व्हायचा. हे आपल्याला कळलं ते अर्धवट टाकलेल्या लेण्यांमुळं. छत गुळगुळीत आणि खाली अजून ओबडधोबड कातळ, अशी लेणी सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत. आणि यात एक मोठी मेख आहे. बांधलेल्या घरात वाकडा दगड काढून दुसरा बसवता येतो. कोरलेल्या घरात काढलेला दगड परत येत नाही. प्रत्येक खांब कुठं उरवायचा, हे पहिली टाकी मारण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

भाज्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, गेलात की उभ्या उभ्या फोटो काढून परत फिरू नका. भिंतीच्या कडेला खाली बसा आणि खांबांकडं बुडापासून वर बघत जा. आठ पैलूंचे, साधे 27 खांब. आणि बाजूंच्या दोन्ही रांगा आत झुकलेल्या आहेत. खांबाच्या कडेला डोळा लावला की तिरपेपणा स्वच्छ दिसतो. कारागिराचा हात चुकला म्हणावं तर सगळेच एका मापानं कसे चुकतील? उत्तर वर बघितलं की मिळतं. कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या. मोठं लाकडी छप्पर उभं करायचं तर त्याचं ओझं बाजूच्या खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून सुतार ते खांब मुद्दाम आत कलते रोवतो. दगडात कोरलेल्या घराला या कशाचीच गरज नाही. वर छप्पर नाही, डोंगर आहे. खांब काढून टाकले तरी बहुधा काही कोसळणार नाही. तरीही त्या माणसांनी दगडाचे खांब कलते ठेवले, छताला लाकडाच्या फासळ्या ठोकल्या, आणि दर्शनी बाजूला लाकडाचा मोठा पडदा उभा केला होता. तो पडदा गेला, त्याच्या खुंट्यांची भोकं तेवढी कातळात राहिली. फासळ्यांपैकी काहींवर तर ब्राह्मी अक्षरं सापडली.

कार्ल्याचं चैत्यगृह याहून दीड-दोन शतकांनी नंतरचं, आणि कोरलेल्या चैत्यगृहांमध्ये भारतात सर्वांत मोठं. सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच. आत 37 खांब. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा कळसावर उभे, माथ्यावर बसलेले हत्ती आणि त्यांवर स्वार झालेली जोडपी, आणि स्तूपामागचे सात मात्र अगदी साधे. समोरच्या पिंपळपानी गवाक्षातून आलेला उजेड स्तूपाच्या अंगावर पडतो, आणि वर बघाल तर कमानीला लागून लाकडाच्या फासळ्या ओळीनं अजून आहेत, स्तूपावरची लाकडी छत्रीही आहे. दोन हजार मावळी पावसाळे त्या लाकडानं काढले आहेत. बाहेर चार सिंहांचा खांब, शेजारी एकवीरा आईचं देऊळ, आणि चैत्रात कोळी-आगरी मंडळींच्या पालख्यांनी भरून जाणारं ते सगळं आवार. देवीला नारळ फोडून झाला की पुष्कळ लोक चैत्यगृहात डोकावतात आणि पाच मिनिटांत बाहेर येतात. त्यांनी भिंतींवरचे लेख बघावेत अशी माझी फार इच्छा आहे, कारण तिथं माणसं भेटतात. वैजयंती नगरातल्या भूतपाल नावाच्या शेठजीनं हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह पुरं केलं असं एक लेख अभिमानानं सांगतो. धेनुकाकट नावाच्या गावातल्या कितीतरी लोकांनी एकेक खांब दिला, त्यांत यवन, म्हणजे त्या काळचे परदेशी, आहेत. सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानं दार दिलं. आणि ते दार घडवणाऱ्याचंही नाव आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. धंदा सुतारकी.

सुतार! पाथरवट नव्हे. मला या एका ओळीपाशी नेहमी थबकायला होतं. त्या काळी या मुलखात मोठमोठी लाकडी सभागृहं, वाडे, दुमजली सज्जे असणारच. सागवानाला तोटा नव्हता. त्यातलं एकही आज उभं नाही. वाळवी, वणवा आणि पाऊस यांनी सगळं नेलं. पण ज्या हातांनी ती लाकडी घरं बांधली त्याच हातांनी, तीच मापं, तेच जोड, तेच कठडे आणि सज्जे कातळात कोरून ठेवले, म्हणून ती घरं कशी होती ते आज आपण सांगू शकतो. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी कठड्यांच्या पट्ट्या बघा, आडव्या दांड्या उभ्या खांबांत अडकवलेल्या दिसतील. दगडात अडकवायचं काय कारण? पण सुताराचा हात दुसरं काही करायला तयार नव्हता.

तिकडं अमेरिकेतल्या वाळवंटातही लाकूड असंच कामाला आलं, वेगळ्या रीतीनं. तिथल्या जुन्या घरांच्या छतांत तुळया होत्या. ए. ई. डग्लस नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ झाडांच्या बुंध्यातली वर्षावर्षाची वळी मोजायचे. ओल्या वर्षी वळं रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. 1929 मध्ये ॲरिझोनात एक जळकी तुळई सापडली आणि तिच्या वळ्यांनी त्यांच्या दोन तुटक मालिका जोडल्या गेल्या. मग कुठली खोली कुठल्या साली बांधली हे वर्षावर बोट ठेवून सांगता यायला लागलं, आणि तो तेराव्या शतकाच्या शेवटचा दुष्काळही त्या लाकडातच वाचला गेला.

परत मावळात येऊ. बेडशाचं लेणं अजून शांत आहे. पायऱ्या चढून गेलं की कड्याच्या अरुंद फटीतून आत शिरायचं, आणि समोर एकदम उंच खांब, त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवरचे स्वार. तिथल्या विहाराचं छतही चैत्यासारखं कमानदार आहे, असा विहार दुसरीकडं सहसा सापडत नाही. आणि राजमाचीहून कोकणात उतरताना रानात कोंढाण्याचं लेणं लागतं. त्याची खालची बाजू ढासळली आहे, पण तिथं एक ओळ आहे की कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. राजा नाही, शेठ नाही. शागीर्दानं गुरूचं नाव आधी लिहिलं आणि मग आपलं.

प्रत्येक लेण्यात पाण्याची टाकी आहेत, तोंड लहान आणि पोट आत खोलवर गेलेलं. तांबड्या मातीच्या थराशी पाणी अडतं आणि कड्याला पाझर फुटतो, हे त्या कारागिरांनी हेरलेलं असणार. पुढं दीड हजार वर्षांनी गडकऱ्यांनी हीच विद्या वापरली. लोहगडावर, विसापुरावर फिरा, कातळातली टाकी उन्हाळ्यातही पाणी धरून असतात. गड बांधणाऱ्याचं निम्मं काम डोंगरानं आधीच केलेलं होतं. वरचा कडा म्हणजे तयार तटबंदी, फक्त जिथं घळ आहे तिथं चिरेबंदी भिंत आणि दरवाजे घालायचे. लोहगडाच्या पश्चिमेला विंचूकाटा नावाची लांबच लांब अरुंद सोंड आहे, ती कुणी बांधलेली नाही, एका घट्ट थराची उरलेली धार आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत लोहगड आहे, आणि हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

पण गड आणि लेणी सगळ्यांसाठी नव्हती. खाली वाडीत माणूस कसा राहत होता? तिकडं न्यू मेक्सिकोत टाओस प्युब्लो म्हणून वस्ती आहे, मातीच्या विटांची, मजल्यावर मजले चढवलेली, सपाट धाब्यांची. शेकडो वर्षं तिथं लोक राहत आले आहेत आणि भिंतींना दरसाल नवा मातीचा हात देत आले आहेत. मावळात सपाट धाबं घालाल तर पहिल्या आषाढात ते चुलीत येईल. इथं छप्पर उभ्या उताराचं लागतं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत, पडवी खोल पाहिजे, आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी पेंढ्याची झड बांधली पाहिजे. भिंत मात्र मातीचीच, आणि तिलाही दरसाल हात द्यावा लागतो. आत कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. नवरात्राच्या आधी बायका जमीन आणि भिंती सारवून घ्यायच्या तेव्हा सगळ्या वाडीला एक ओला, थंड वास यायचा.

या कारवीचं नवल सांगितल्याशिवाय तुम्हाला उठू देणार नाही. डोंगराच्या त्याच उतारांवर, दोन कड्यांच्या मधे, ती माणसाच्या उंचीनं आणि त्याहून जास्त वाढते. वर्षामागून वर्षं नुसती पानं. मग साधारण सातव्या वर्षी, काही डोंगरांवर आठव्या, पावसाळा सरता सरता सगळी कारवी एकाच वेळी फुलते, अख्खे उतार जांभळे होतात, मधमाश्यांना दम खायला फुरसत नसते आणि त्या वर्षीचा कारवीचा मध लोक औषधासारखा जपून ठेवतात. फुलून बी धरलं की झाड मरतं, त्याच्या काठ्या वाळून टणक होतात, आणि त्याच काठ्या कुडाला लागतात. पवन मावळातल्या एका बाईंना मी त्यांच्या घराचं वय विचारलं होतं. साल त्यांना सांगता येईना. त्या म्हणाल्या, ‘‘मी लगीन हून आले तवा हा कूड नवा हुता, आन् त्येच्यानंतर कारवी दोनदा फुलली, आवंदा तिसऱ्यांदा फुलंल. तवा ह्यो कूड काढायचाच हाय.’’ मग त्यांनी मला उन्हात वाळत पडलेली एक जुनी बोंडं लागलेली फांदी दाखवली. ही बोंडं उन्हाळाभर मिटून राहतात, बी आत घट्ट. वळवाचा पहिला पाऊस अंगावर पडला की ती फुटतात, एक फुटतं, दहा फुटतात, आणि मग साऱ्या उतारावर तडतड तडतड असा आवाज सुरू होतो आणि बिया कातळाच्या फटींतून उडत जातात.